कापडाचं नाव

माझी बायको अकुवी वारली. घरी रांधायला कोणी उरलं नाही, म्हणून लेकीचं नाव शाळेतून काढायला मी गेलो. अंगात अकुवीने स्वतः कापड निवडून शिवून घेतलेला सदरा होता. शाळेत नेमका आफ्रिकन बालदिन होता. 'शिक्षण आमचा हक्क' असे फलक घेऊन पोरं ढोलावर नाचत होती.

मुख्याध्यापिका माझ्या सदऱ्याकडे बघून हसल्या. "दादा, या नक्षीचं नाव ठाऊक आहे का? लोमे शहराच्या बाजारात बायका हिला 'घरात बायकोचंच चालतं' म्हणतात."

सात वर्षं मी तो लग्नालग्नांत मिरवला होता.

"बरं, काय काम काढलंत?"



"काही नाही बाई, मक्याच्या पिठात पाणी किती घालायचं, ते लेकीला विचारायचं होतं."