मुद्दाम आंबवलेली

पारख्याला ही बिअर आवडली, तर धाकटीला तिची जागा परत मिळणार होती. नाही आवडली, तरी तिचं काही जाणार नव्हतं; जायचं ते सगळं आधीच गेलेलं होतं. म्हणजे सौदा फायद्याचाच. तरीही पारख्याने पेला उचलला तेव्हा तिने त्यावरून नजर हलवली नाही.

मोठमोठ्या हॉटेलांत कुठली बिअर ठेवायची, ते या माणसाच्या जिभेवर ठरायचं. सकाळपासून थोरल्या भावाने त्याला कारखान्यातली एकेक बिअर पाजली होती. दर वेळी तो एक घोट घेऊन "छान" म्हणायचा, आणि ज्या सुरात म्हणायचा त्यावरूनच त्यांच्या वडिलांना, आबांना, कळायचं की गिऱ्हाईक हातचं चाललं. शेवटी धाकटी न विचारता आत आली आणि आपली बिनलेबलाची बाटली टेबलावर ठेवून उभी राहिली.

"ते राहू द्या हो, साहेब," थोरला हसत म्हणाला. "आमच्याकडचं बिघडलेलं पिंप आहे ते. बहिणीची कृपा."

पारख्याने पेला उजेडात धरला. फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची, किंचित गढूळ बिअर. फेस वर आला आणि लाजल्यासारखा लगेच विरला. पहिल्या घोटाला त्याचे डोळे बारीक झाले. आंबटपणाने जिभेच्या दोन्ही कडांना चिमटा काढला, तोंडाला पाणी सुटलं, आणि मागे ओल्या लाकडाची, हिरव्या सफरचंदाच्या सालीची चव रेंगाळली. जडपणा कुठेच नाही. गिळल्यावर तोंड असं स्वच्छ, की पुढचा घोट जिभेनेच मागून घ्यावा. त्याने तो घेतला. मग आणखी एक. "छान" म्हणायचं मात्र विसरला.

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. हीच ती बिअर. पिंप निवत ठेवलं की झाकण लावायचं, हा या घराचा पहिला धडा. नाहीतर हवेतलं रानटी यीस्ट आत शिरतं आणि सगळं आंबतं. एका दुपारी ते झाकण उघडं राहिलं. पिंपावर कामाला ती, म्हणून खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. आबांनी तिला बाटल्या धुवायला बसवलं आणि तेव्हापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत आले. झाकण लावल्याचं तिला पक्कं आठवत होतं. पण घरातले सगळे रोज उठून एकच सांगू लागल्यावर माणसाचा स्वतःच्या हातांवरचाही भरवसा उडतो. धुण्याच्या सोड्याने बोटं फुटली तेव्हा तीही म्हणाली, राहिलं असेल बाई माझ्याकडूनच. पिंप ओतून द्यायला कुणाला सवड नव्हती. ते कोपऱ्यात पडून राहिलं आणि ती ते अधूनमधून चाखत राहिली. आधी शिक्षा म्हणून, मग आवडीने.

"एकच विचारतो," पारखी म्हणाला. "ही आंबली कशी? झाकण चुकून उघडं राहिलं, की मुद्दाम ठेवलंत? चुकून असेल तर माझ्या काही कामाचं नाही. चूक काही दर वर्षी मागवता येत नाही."

धाकटीने तोंड उघडलं. थोरला तिच्या आधी बोलला.

"मुद्दाम! अगदी मुद्दाम. मीच ठेवलं होतं."

आयत्या बिळावर नागोबा! धाकटीच्या कानशिलांत जाळ उठला. याच माणसाने एवढी वर्षं तिला येताजाता "आंबटताई" म्हणून हाका मारल्या होत्या. श्रेय राहू दे बाजूला, याने तिची चूकसुद्धा तिच्याकडे राहू दिली नाही.

"दादा, थोडी तरी लाज बाळग. चूक माझी होती ती."

"तू गप्प बस गं. तुला काय माहीत?" थोरल्याला आता चांगलाच रंग चढला होता. "साहेब, ही तर झाकण घट्ट लावून जेवायला गेली होती. मी आलो, झाकण काढलं, बागेकडची खिडकी उघडली. म्हटलं, येऊ दे वारा!"

आबांचा हात टेबलावरच थांबला. त्या दिवशी त्यांनी स्वतः पिंपातून फुलांच्या पाकळ्या काढल्या होत्या. खिडकी बंद असताना पाकळ्या आल्या कुठून, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं, आणि मुलीला विचारावं एवढी तसदी त्यांनी घेतली नव्हती.

"घट्ट लावून गेली होती?" आबांनी विचारलं.

उचलली जीभ टाळ्याला लावून झाली होती. आता ती तिथून सुटेना. "आबा," थोरला पुटपुटला, "पाहुण्यांसमोर नको."

पारख्याला यातलं काहीच उमगलं नाही. "म्हणजे मुद्दामच ना?" त्याने आबांकडे बघितलं. "तसं असेल तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेईन."

आबांनी मुलीकडे पाहिलं. किती तरी वर्षांनी सरळ तोंडाकडे पाहिलं. मग पारख्याकडे वळून म्हणाले, "हो, साहेब. मुद्दामच."

धाकटी हसली. त्या हसण्याने थोरला दोन पावलं मागे सरला.

"खरंय आबांचं," ती म्हणाली. "माझ्याशी वागलात ते आधी चुकून होतं. आत्ता मुद्दाम झालं."

तिने पारख्याच्या पेल्यात उरलेली बाटली ओतली, अ‍ॅप्रन सोडून आबांसमोर ठेवला आणि ती निघून गेली.

थोरल्याला नाव मिळालं, आबांना गिऱ्हाईक. दोघांनी खुशीत पारख्याशी हात मिळवले. आजवरची सगळी किंमत धाकटीने एकटीने भरली होती. पुढची त्यांना भरायची होती, कारण आंबवलेलं पिंप कधी तयार झालं ते चाखून सांगणारी घरातली एकच जीभ नुकतीच दाराबाहेर पडली होती.