थंडी वाजतेय का?

एमआरआयचं काम शिकवताना ताईंनी नव्यानं लागलेल्या पोरीला बजावलं होतं, "पडद्यावर काहीबाही दिसलं तरी आवाज कापू द्यायचा नाही. माइकवर विचारायचं, 'थंडी वाजतेय का?' पेशंटला बरं वाटतं आणि आपल्याला सावरता येतं." आज सरावासाठी ताई स्वतःच मशीनमध्ये झोपल्या. "डोक्यात मेंदू सापडला तर आमच्या ह्यांना कळव, त्यांचा विश्वास नाही," हसत म्हणाल्या. काचेअलीकडे पोरीनं बटण दाबलं, मशीन धडधडलं, पडद्यावर चित्रं उमटली. मेंदूत लिंबाएवढी गाठ होती. ताईंना बाहेर काढावं की डॉक्टरांना बोलवावं, तिला सुचेना. आपसूक हात माइककडे गेला. "ताई, थंडी वाजतेय का?" विचारून झाल्यावर तिनं जीभ चावली. मशीनबाहेर दिसणारी ताईंची पावलं आखडली. मग स्पीकरमधून त्या म्हणाल्या, "आवाज नाही कापला हं. शिकलीस पोरी."