लाल दिवा

कपाटाच्या खणात एक इवलासा बल्ब. महिन्यापूर्वीच बदललेला चष्मा. चाळीस वर्षांत गाडीला एकही ओरखडा नाही.

मेकॅनिकनं खडखडणाऱ्या जुन्या इंजिनाचं ऑइल प्रेशर मोजलं, तर काटा जागचा हलेना. "काका, इंजिन गेलं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला असणार, तरी दामटलीत?"

"नव्हता रे लागला," म्हातारा कळवळून म्हणाला.

"लागला होता, बाबा. तुम्हाला दिसला नाही," मुलानं सगळ्यांदेखत सुनावलं. "आता गाडी चालवणं पुरे."

म्हाताऱ्यानं किल्ली मुलाच्या हातात दिली. घरी जाताना तो दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचत राहिला. एकही चुकली नाही, तरी त्याचा डोळ्यांवर भरवसा बसेना.

 

दिव्याचा बल्ब मुलानं आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं, त्याला लागलेला लाल दिवा दिसायला नको होता.