निवड झाल्याची बातमी

फळीवरच्या साखरेच्या आणि चहाच्या डब्यांमध्ये फोन बरोबर मावला. बाबांच्या खुर्चीवर उशी उभी करून तिने चौकट तपासली, फोन अंशभर खाली झुकवला, पुन्हा तपासली. मग उशी जागेवर ठेवली.

व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नची एकच जागा होती आणि ती धरून दोघी उरल्या होत्या. शेवटचं काम तिथल्या ताईने दुपारी फोनवर सांगितलं होतं. "घरी सांग, निवड झाली. त्यांचे चेहरे शूट कर, पण त्यांना कळू देऊ नकोस. जिचा व्हिडिओ चांगला, तिला घेऊ."

"आणि नाही घेतलं तर? घरी खोटं ठरेल."

"मग चांगला कर ना. म्हणजे खोटं ठरणार नाही."

बाबा दुकानातून आले. दिवसभर पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग केलेलं, बोटं व्हार्निशने पिवळी. प्रयोगशाळेतली नोकरी तिने नाकारल्यापासून ते तिच्याशी थेट बोलत नव्हते. जे काही असेल ते आईमार्फत. ते खुर्चीत बसले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले.

"मला घेतलं," ती म्हणाली. "त्या व्हिडिओवाल्या कंपनीत."

आईने कणकेचा हात तसाच वर धरून कोपराने तिला जवळ ओढलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. आईला तसं कधीच वाटलं नव्हतं.

बाबांचा हात नाडीवर थांबला.

"किती वाजता जायचं असतं?" त्यांनी विचारलं. आईला नाही, तिला.

"दहाला."

"मग नऊला निघू. दुकानाच्या वाटेवरच आहे, सोडेन मी."

फळीवर फोन आहे हे ती क्षणभर विसरून गेली.

आतल्या खोलीत जाऊन तिने व्हिडिओ पाहिला आणि आहे तसा पाठवला. ताईचा व्हॉइस मेसेज लगेच आला. "अगं, तुझे वडील बुटाशी बोलतायत. चेहरा कुठाय? मिठी, डोळ्यात पाणी, काहीतरी हवं ना. दुसरीची आई तर चक्कर येऊन पडायचीच बाकी होती. अर्धा तास देते, परत कर."

ती बाहेर आली आणि तिने दोघांना सगळं सांगून टाकलं. आधी आईकडे बघून, मग जमिनीकडे.

"म्हणजे घेतलेलं नाही," आई म्हणाली.

"हे नीट आलं तर घेतील."

बाबांनी डब्यांकडे पाहिलं. "मघाचं माझं बोलणं आहे त्यात?"

"हो."

"पुसून टाक."

"पाठवलंय, बाबा."

बाबा उठून हातपाय धुऊन आले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसले. "काय करायचं ते सांग."

"यांना हसायला सांगतेयस?" आई म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही हसले. फोटोवाला पैसे परत द्यायला निघाला होता."

पहिल्या खेपेला बाबा दात दाखवायला सांगितल्यासारखे हसले. दुसऱ्या खेपेला ती बोलायच्या आधीच उठून उभे राहिले.

"बाबा, मी सांगितल्यावर एक क्षण थांबा. आधी विश्वास बसत नाहीये, असं. मग उठा."

"विश्वास बसत नाही, मग उठायचं," ते पुटपुटले. गिऱ्हाईक मोटारीची तक्रार सांगतं तेव्हा ऐकतात तसं मन लावून ऐकत होते.

तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं. ते थांबले. ओठ हलले. उठून दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी तिला मिठी मारली. कळायला लागल्यापासून त्यांनी तिला कधी मिठीत घेतलं नव्हतं. शर्टाला साबणाचा वास होता, बोटांना व्हार्निशचा. तेवढ्यात बाबा तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "एवढं पुरे, की अजून धरू?"

"धरा," ती म्हणाली.

व्हिडिओत त्यांचं कुजबुजणं ऐकू येत नव्हतं. तिने दोनदा तपासलं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. 'बाबा कमाल आहेत. सोमवारपासून ये.' ती पलंगावर बसून राहिली. मग फोन उशीखाली ठेवून बाहेर गेली.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला होता. नुसत्या बनियनवर बसून ते पाणी पीत होते. आई पोळ्या लाटत होती.

"घेतलं मला," ती म्हणाली. "आता खरंच."

आईने लाटणं ठेवलं आणि मनगटाने केस मागे सारले. बाबांनी घाईघाईने पेला खाली ठेवला. एक क्षण थांबले. ओठ हलले. मग ते उठू लागले.

"नाही, बाबा, आता नाही करत आहे शूट." तिने दोन्ही हात पुढे केले. "बघा, फोन आत आहे."

"मघाशी तरी कुठे दिसत होता," आई म्हणाली.

बाबा अर्धवट उठलेले तसेच राहिले, नजर साखरेच्या डब्यापासून चहाच्या डब्यापर्यंत फिरत होती. तोंडावरचं हसू त्यांनी सोडलं नव्हतं.