चालून दाखव

लामत्याच्या चंद्रकलाला पाहायला उकव्याच्या खदानीतला वसंता येणार होता आणि मधलं गाव म्हणून बालाघाटची बाग ठरली होती. गुलाबबागेतल्या बाकांवर दोन्हीकडची माणसं बसली, तशी वसंताच्या आईने फर्मावलं, “पोरी, चालून दाखव.” “चालीन, पण यायलेही संगं चालू द्या,” चंद्रकलाने वसंताकडे बोट केलं. तिच्या बापाने डोळे वटारले, तरी ती हटली नाही. शेवटी वसंता बाकाला धरून उठला आणि पहिल्याच पावलाला लंगडला. “खदानीत पायावर दगड पडला,” तोच म्हणाला. “माय म्हणे, बसूनच राह्य.” त्याची काठी आईनेच बाकामागे लपवली होती. चंद्रकलाने ती काढून त्याच्या हातात दिली. “पायाचं काही नाही. लपवालपवी मले चालत नाही.” “मंग आम्ही जाऊ घरी?” त्याने विचारलं. “काहून? निवडुंगाची बाग पाह्याची राह्यली ना.” ती आपल्याच चालीने निघाली. त्यानेही काठी रोवली आणि तिला गाठलं.