कुणाची पोर

“आता हिला वेण्या घालायच्या तरी कशाच्या?” बिलकीस आपा फणी हातात धरून म्हणाली. “अर्धं डोकं तर भादरलेलं आहे.”

कोकणातल्या मुसलमानांत बाईमाणसाच्या मय्यतीला आंघोळ घातली, की केसांच्या तीन वेण्या करून मागे सोडतात. इथे ओट्यावर निजवलेल्या सबाच्या उजव्या बाजूला केसच नव्हते. डाव्या बाजूला होते ते हिरवेगार. भुवईत चांदीची कडी होती. नबिलाने ती काढली आणि विंचू धरावा तशी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली.

सबा दुबईत अल कुसैसला मैत्रिणीबरोबर राहायची, जाहिरातीच्या कंपनीत चित्रं काढायची. तापाचं निमित्त झालं आणि गेली. बाप आधीच वारलेला. गावी एक म्हातारी दादी, तिने शेजाऱ्यांकडून फोनवर कळवलं, तिकडेच माती द्या. मग कोकणी बायकांच्या ग्रुपवर मेसेज फिरला: आपल्याकडची मुलगी आहे, जवळचं बाईमाणूस कुणी नाही, गुस्लसाठी, शेवटची आंघोळ घालायला या. बिलकीस आपा आली, तिची जाऊ नबिला आली. आणि नाव-गाव वाचून अबुधाबीजवळच्या मुसफ्फाहून शहनाझ आली. सवाबाचं, पुण्याचं काम आहे, असं नवऱ्याला सांगून.

गुस्लच्या खोलीत जे दिसतं ते बाहेर जाऊन बोलायचं नसतं. म्हणून दोघी जावा आतच बोलून घेत होत्या.

“कपडे बघितलेत हिचे, आपा? पुरुषी शर्ट आणि गुडघ्यावर फाटलेली पँट. तीही फुटपाथवरची नाही, ब्रँडेड. दोनशे दिरहमची तरी असेल. म्हणजे चार-साडेचार हजार रुपये, फाटक्या कपड्याचे!”

“आणि नखं बघ, काळी. रिमूव्हर आण, नखाला पाणी लागलं पाहिजे. तौबा! हिला कुणी आई होती की नव्हती?”

“असेल तर बसली असेल कुठे तोंड लपवून.”

शहनाझ पायांवर पाणी ओतत होती. तिचा तांब्या मध्येच थांबला.

“यल्ला शहनाझ, आटप, पाणी निवतंय,” आपा म्हणाली. शहनाझने पुन्हा ओतायला घेतलं.

सबा तिची मुलगी होती. पहिल्या नवऱ्यापासूनची. तलाक झाला तेव्हा पोर जेमतेम चालायला लागली होती. सासूने ती ठेवून घेतली, आणि माहेरच्यांनी “मूलबाळ नाही” असं सांगून शहनाझचा निकाह मुसफ्फातल्या तय्यबशी लावून दिला. तय्यबला पत्ता नाही, त्याच्या आईला नाही, इथल्या कुणालाच नाही. दोन मुलगे झाले, संसार उभा राहिला. मग या थंडीत सबाने कुठून तरी नंबर मिळवला. अल कुसैसच्या एका कॅफेटेरियात भेटायचं ठरलं. शहनाझ दारापर्यंत गेली. कोपऱ्यातलं हिरवं डोकं तिने पाहिलं. आजूबाजूचे लोक एकमेकांना ढोसून ते दाखवत होते, तेही पाहिलं. असल्या पोरीशेजारी बसलेलं ओळखीच्या कुणी बघितलं तर? ती आत गेलीच नाही. टॅक्सीत बसून मेसेज केला, बरं वाटत नाही, पुन्हा कधीतरी. सबाचं उत्तर लगेच आलं: नो वरीज अम्मी, टेक केअर.

त्यानंतर शहनाझने तिला पाहिलं ते आज.

“द्या ती फणी,” ती म्हणाली. “मी करते.”

तिने डाव्या बाजूचे हिरवे केस विंचरले, त्यांचे तीन भाग केले आणि करंगळीएवढ्या वेण्या घालायला घेतल्या. पोर हातातून गेली तेव्हा तिचे केस कानाखालीही उतरले नव्हते. तिला वेणी घालायची ही पहिलीच वेळ. पण परक्या मय्यतीवर कुणी रडत नाही, म्हणून ती केसांवरून नजर न काढता पेड घालत राहिली.

“किती मायेने करते बघा,” नबिला म्हणाली. “तुझ्यासारखी आई असती ना शहनाझ, तर ही पोर अशी निपजली नसती.”

दार वाजलं. बाहेर सबाची मैत्रीण मिहिका उभी होती, दुबईतच वाढलेली. रडून तिचे डोळे सुजले होते.

“आंटी, मौलवीसाहेब सबाच्या मदरचं नाव विचारतायत. ग्रेव्हवर काहीतरी वाचायचंय म्हणे.”

“तलकीन,” आपा म्हणाली. “माती दिली की मय्यतीला हाक मारतात, आईचं नाव लावून. अमकीची लेक अमकी, असं. तुला माहीत नाही नाव?”

“नो आंटी. ती फक्त अम्मी म्हणायची. पासपोर्ट तिच्या कंपनीच्या माणसाकडे आहे, तो फोनच उचलत नाहीये. आणि दादीला ऐकू येत नाही, शेजारी आता घरी नाहीत.”

शहनाझच्या हातात तिसऱ्या वेणीचं टोक होतं. नाव सांगायचं, एवढंच. मग पोरीला शेवटची हाक तरी तिच्या आईच्या नावाने गेली असती. पण “तुला कसं ठाऊक?” हे लगेच आलं असतं. मग दोघींच्या नजरा, मग ग्रुप, मग तय्यब, मग मुलगे.

“कुणाची पोर आहे, अल्लाच जाणे,” आपाने मान हलवली. “आता काय सांगायचं मौलवींना?”

शहनाझने वेणी मागे सोडली. हिरव्या केसांवर कफनाची ओढणी घातली, कडा नीट खोचल्या.

“हव्वा सांगा,” ती म्हणाली. “आई कोण ते ठाऊक नसलं, की सगळ्यांची आई हव्वा, तिचंच नाव लावतात.”