झोपलेल्या पेशींचा रकाना

कांताबाईंनी लेकीच्या ऍप्रनच्या खिशातून आपलं जांभळं पेन काढून घेतलं.

"लॅबमधल्या दहा पेनांतून तुला हेच बरं सापडतं गं?"

दिशा नुसती हसली. गॅसवाला येणार म्हणून आई त्या मंगळवारी लवकर घरी आली होती. मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत सुकटीच्या कालवणाचा वास भरला होता. उद्या लवकर निघू, काम तुंबलंय, असं आई म्हणाली. दिशा भात कालवत राहिली.

सकाळी आई उठलीच नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मायलेकी कामाला होत्या. कंपनी संशोधकांसाठी अँटिबॉडी बनवायची. पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारा भाग, जागा झाला असेल तरच या अँटिबॉडीने त्याला धरून चमकायचं, झोपलेल्याला शिवायचंही नाही. म्हणून प्रत्येक लॉट जाग्या पेशींवर तपासायचा आणि झोपलेल्यांवरही. तपासायला दिशा मदतीला असायची; शेवटची सही कांताबाईंची. "जाग्याला जागं कोणीही म्हणेल," त्या नव्या मुलींना सांगायच्या. "झोपलेल्यापुढे गप्प बसते ती खरी."

आईच्या पुण्यानुमोदनाला महिना होतो न होतो तोच एक लॉट परत आला. झोपलेल्या पेशींवरही तो लखलखत होता. कुठल्याशा प्रयोगशाळेने सहा महिने जमवलेले नमुने त्यापायी मातीत गेले होते.

मालक सुशांत सरांनी अहवाल तयारच ठेवला होता. चूक तपासनीस कांताबाईंची, त्या आता हयात नाहीत. दिशाने खाली सही केली की विषय संपणार होता.

"आई चुकलेली नाही," दिशा म्हणाली. "मी सही करणार नाही."

सरांनी समजावून पाहिलं. गेलेल्या माणसाची नोकरी जात नाही, तुझी जाईल, असंही सुनावलं. ती हटली नाही. लॉट पुन्हा तपासा, सगळ्यांसमोर तपासा, हाच तिचा हेका. शेवटी तपासला. दोष आंधळ्यालाही दिसावा असा होता.

"एकवीस वर्षं जिने हेच केलं," दिशा म्हणाली, "तिच्या नजरेतून हे सुटेल?"

सरांनी त्या लॉटचं पान उघडून तपासणीची वही तिच्यापुढे आपटली. तोच मंगळवार, संध्याकाळचे पाच. झोपलेल्या पेशींच्या रकान्यात चमक जवळजवळ शून्य, आणि खाली जांभळ्या शाईतली सही.

"हे पेन कोणाचं, ते तूच सांग आता."

दिशाने पर्समधून ते पेन काढलं आणि वहीवर ठेवलं.

"पेन तिचंच. पण पाच वाजता ती घरी गॅसवाल्याची वाट बघत बसलेली. इथे पार्सलची गाडी खाली उभी होती, सर. झोपलेल्या पेशींवर मी तपासलंच नाही. आकडा मनानेच लिहिला. आणि सही मी केली."